भर समुद्रात ओतलेलं पाणी

कोचीचा किनारा दिसेनासा व्हायला चार तास लागले आणि तेवढ्यात मला तीनदा उलटी झाली. उलटीच्या गोळ्या माझ्या यादीत होत्या, त्यांच्यापुढे बरोबरची खूणही होती. फक्त गोळ्या अमळनेरला ओट्यावर राहिल्या होत्या. कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या सामानाची नोंद ठेवणं ही माझी पंचवीस वर्षांची नोकरी. असं आजवर झालं नव्हतं.

बोटीवर आम्ही तिघं. मी, माझे यजमान दिलीप आणि बोटीचे मालक अरविंदभाऊ. भाऊ मूळचे पाचोऱ्याचे, दिलीपचे लहानपणापासूनचे मित्र. मालवाहू जहाजांवर तीस वर्षं काढून निवृत्त झाले आणि चाळीस फुटांची जुनी शिडाची बोट घेऊन बसले. ती सेशल्स बेटांपर्यंत न्यायची होती, अंदाजे अठरा दिवस. सोबत इंजिन कळणारा माणूस हवा होता आणि दिलीपचं डिझेल इंजिन दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. मला विचारलं तेव्हा मी एवढंच म्हटलं, स्वयंपाक आणि पाणी कोणाकडे? दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

पहिले दोन दिवस मी आडवीच होते. तिसऱ्या दिवशी उठून कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) थापायला घेतली. शेगडी झोपाळ्यासारखी टांगलेली, त्यामुळे ती सरळ राहते. बाकी सगळं तिरकं होतं, माझ्यासकट. पहिली भाकरी तव्याऐवजी भिंतीवर पडली. तेवढ्यात वरून दिलीपची हाक आली. सुकाणूवर बसलेले असताना काहीतरी ओलं फाडकन त्यांच्या गालावर आदळलं होतं. उडणारा मासा, वीतभर लांब, पंख पसरून फळ्यांवर तडफडत होता. आमच्या घरात मासा कधी आलेला नाही. दिलीपनी माझी सांडशी उचलली, त्याला शेपटीकडून धरलं आणि पाण्यात सोडलं. गालावर खवले तसेच चिकटलेले. भाऊ म्हणाले, सासुरवाडीला सुद्धा इतकं जोरात स्वागत झालं नसेल. सांडशी मी स्वयंपाकाच्या यादीतून काढून टाकली.

सातव्या दिवशी दिलीप इंजिनाखाली उतरले, तर घोट्यापर्यंत पाणी. त्यांनी करंगळी बुडवून चाखलं. पाणी गोड होतं. खारं असतं तर बरं झालं असतं, कारण समुद्राचं पाणी उपसून टाकता येतं. हे आमचं पिण्याचं होतं. टाकीचा जोड उकलला होता आणि सगळं पाणी ग्रीस-डिझेलात मिसळलं होतं. उरले फक्त वर बांधून ठेवलेले वीस-वीस लिटरचे सहा डबे. अकरा दिवस जायचे होते. भाऊंनी उपग्रह फोनवरून किनाऱ्याला कळवलं, हिशोब केला, पुरेल म्हणाले. डबे माझ्या ताब्यात दिले.

नवव्या दिवशी दुपारी पश्चिमेकडून पावसाचा पडदा सरकत आला. भाऊ सुकाणूला चिकटलेले, दिलीप दोर आवळत होते. मोठ्या शिडावरून पाणी वाहून खालच्या आडव्या खांबाच्या टोकाशी धार लागली, नळासारखी. मी डब्यांची झाकणं काढली. आतल्या पाण्याला प्लास्टिकचा वास येत होता. नऊ दिवसांचं शिळं पाणी. एकामागून एक चार डबे मी समुद्रात ओतले आणि धारेखाली धरले.

हे कसं झालं ते खानदेशाबाहेरच्यांना सांगावं लागेल. आमच्याकडे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. त्या दिवशी पहिलं काम म्हणजे उरलेलं शिळं पाणी ओतून भांडी रिकामी करायची. नळ तासभरच असतो. भांडी भरलेली राहिली तर ताजं कशात घेणार? मी विचार केलाच नाही. हात आपोआप चालले.

पंधरा मिनिटांत पाऊस गेला. चारही डबे भरले होते आणि मी खुशीत होते. भाऊंनी एकातलं घोटभर तोंडात घेतलं आणि लगेच थुंकले.

"हे कुठून भरलं, वहिनी?"

मी शिडाकडे बोट दाखवलं.

"आणि आधीचं?"

"ओतलं. शिळं होतं."

शिडावर नऊ दिवसांच्या तुषारांचं मीठ साठलं होतं. पहिल्या पावसानं तेच धुऊन माझ्या डब्यांत आणून भरलं होतं. भाऊ दिलीपकडे वळून हळूच म्हणाले, "बठ्ठं पानी फेकी दिन्हं?" (सगळं पाणी फेकून दिलं?) दिलीपनी मान खाली घातली. उरलेल्या दोन डब्यांवर मी हात ठेवून बसले. एक भरलेला, एक अर्ध्याखाली, मिळून सत्तावीस लिटर.

तेव्हापासून माणशी दीड लिटर, त्यातच स्वयंपाक. बाराव्या दिवशी वारा पडला आणि माणशी अर्धा लिटर झालं. डिझेल थोडं होतं, ते बंदरात शिरायला राखलेलं. जवळपास जहाज नव्हतं. समुद्र परातीतल्या तेलासारखा गुळगुळीत. तीन दिवस आम्ही जागचे हललो नाही. ओठ फुटले. दिलीप डोकं धरून पडून असत. मी पेल्यावर रेघ ओढून पाणी द्यायचे आणि माझं देताना रेघेच्या खाली थांबायचे. दिलीपच्या ते लक्षात आलं तेव्हा ते पहिल्यांदा माझ्यावर ओरडले.

दुसऱ्या दुपारी बोटीशेजारी पाणी काळं झालं. ते पाणी नव्हतं, पाठ होती. बोटीपेक्षा लांब. मग बॉयलरची वाफ सोडावी तसा आवाज झाला आणि तुषारांचा ढग आमच्यावर कोसळला. ओठ ओले झाले म्हणून मी ते चाटले. कुजलेल्या माशांची चव होती. देवमासा श्वास सोडत होता आणि मी तो चाटत होते. तो कुशीवर वळला. त्याचा डोळा आमच्यावरून शांतपणे फिरला आणि तो खाली गेला. बोट हललीसुद्धा नाही.

पंधराव्या दिवशी ढग आले. आमच्याकडे नऊ लिटर पाणी होतं. पाऊस सुरू होताच दिलीप डबा घेऊन धावले. भाऊंनी त्यांना अडवलं आणि मला म्हणाले, "वहिनी चाखतील. त्या सांगतील तेव्हाच भरायचं."

मी धारेखाली ओंजळ धरली. खारं. पुन्हा धरली. खारं. डोळ्यांदेखत पाणी वाहून चाललं होतं, पाऊस कधीही थांबेल असं वाटत होतं. दिलीप म्हणाले, "अगं, भरू दे आता." मी नाही म्हटलं. सहाव्यांदा ओंजळ तोंडाला लावली. गोड. मी दिलीपच्या हातातला डबा घेऊन धारेखाली धरला.

सहाही डबे भरले. त्याच ढगाबरोबर वारा आला. एकविसाव्या दिवशी सेशल्सचे हिरवे डोंगर दिसले. बंदरावर एका बाईनं शहाळं दिलं, ते मी उभ्यानं प्याले. मग विमानानं मुंबई, रेल्वेनं अमळनेर.

घरी गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. मला सांभाळून घ्यायला दिलीपनी सांगितलं, वादळात डबे उलटले. मी त्यांना थांबवलं. उलटले नाहीत, मी ओतले, शिळं होतं म्हणून, असं स्पष्ट सांगितलं. आता बोलणी खायची माझी तयारी होती.

मोठ्या नणंदबाई, कमलअक्का, गोंधळून म्हणाल्या, "मंग शिळं पानी ठेवीसन काय करानं व्हतं?" (मग शिळं पाणी ठेवून काय करायचं होतं?) बाकीच्यांनी माना डोलावल्या. शेजारणीनं विचारलं, भरण्याआधी डबे घासले तरी होते का? वेळ नव्हता, असं मी म्हटलं. सगळ्यांना वाईट वाटलं ते त्याचंच.

खोलीत अकरा बायका होत्या. माझ्या जागी त्यांतली कोणीही असती तरी ते पाणी समुद्रातच गेलं असतं. हे कळल्यावर हायसं वाटायला हवं होतं. उलट भीती वाटली: ज्या सवयीपायी आम्ही तिघं तहानेनं मरायला टेकलो होतो, ती या खोलीत कोणालाच चूक वाटत नव्हती.