दादाचे कॉम्प्युटर आज भंगारात गेले

मित्रांनो, आज सकाळी घाटकोपरला वहिनीकडे होतो. माझा मोठा भाऊ, आमचा दादा, गेल्या वर्षी गेला. त्याच्या क्लासमधले जुने कॉम्प्युटर रिसायकलिंगला पाठवायचे होते.

ऐंशीच्या दशकात चांगली नोकरी सोडून दादाने राहत्या खोलीतच कॉम्प्युटर क्लास काढला होता. तेव्हा आमच्या चाळीत कुणी कॉम्प्युटर पाहिलाही नव्हता.

वहिनीने आणि मी कॉम्प्युटरमधून सुटे केलेले सर्किट बोर्ड खोक्यांत भरले, वर पत्ता चिकटवला. टेम्पोवाला खोकी उचलताना म्हणाला, "ताई, यातून सोनं काढतात. थोडंसंच, पण निघतं."

वहिनी हसली. "निघणारच. माझ्या बांगड्या गेल्यात त्यात."

मला हे माहीतच नव्हतं. पहिला कॉम्प्युटर आणायला तिने लग्नातल्या बांगड्या विकल्या होत्या.

"नव्या करून देतो म्हणायचे रे," ती म्हणाली. "मीच म्हणायचे, राहू दे, पुढच्या वर्षी बघू."

टेम्पो गेला आणि ती रडायला लागली. "बांगड्यांसाठी नाही रे रडत. ज्यावर त्यांचा हात फिरायचा असं आता काहीच उरलं नाही घरात."



घरातलं माणूस गेल्यावर त्याच्या वस्तू तुम्ही कधी काढल्यात? आम्ही घाई केली का?