‘कधीच नाही’ गटातून आलेली हाक

आधीच सांगते, हे लिहायला घेतलं म्हणून माझी मतं बदललेली नाहीत. पन्नाशी ओलांडली आहे, रोह्याजवळच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळते, आणि माझ्या अनुभवात न सापडणारी वस्तू म्हणजे चुकीच्या रॅकवर ठेवलेली वस्तू. अंगात येणं, चकवा लागणं, तिठ्यावरचं लिंबू... असल्या गोष्टींवर मी आयुष्यात वेळ घालवलेला नाही. तरी ही एक गोष्ट मला कुठल्याच रॅकवर लावता आलेली नाही. इथे कॉम्प्युटरमधले जाणकार वाचक बरेच आहेत, म्हणून मांडते आहे. फक्त सगळं नीट वाचून मग उत्तर द्या.

माझं माहेर पेण तालुक्यात, खाडीकाठी. गावाची सगळी भातशेती एका लांब मातीच्या बांधाच्या आड आहे. बांधाच्या अलीकडे भात, पलीकडे खाडी. उधाणाच्या भरतीला बांध फुटला – आमच्याकडे ‘खांड गेली’ म्हणतात – तर खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढची दोन-तीन वर्षं त्या जमिनीत काही होत नाही. म्हणून जुनी रीत अशी, की बांधाला धोका दिसला की हाक द्यायची, आणि हाक ऐकली की घरटी एक माणूस फावडं घेऊन निघणार. याला जोळ म्हणतात.

आता निम्मं गाव कंपन्यांच्या शिफ्टमध्ये, काही पनवेलला, काही आखातात. हाक ऐकायला कान कुठे आहेत? व्हॉट्सअ‍ॅपवर गुड मॉर्निंगच्या फुलांखाली सगळं गाडलं जायचं. म्हणून मी एक साधा फोरम सुरू केला. विषयवार विभाग पाडले – बियाणं, उघाडीची दुरुस्ती (उघाडी म्हणजे शेतातलं पाणी खाडीत सोडायची झडप), सरकारी कामं, आणि सगळ्यात वर ‘तातडी’. तातडीत पोस्ट पडली की प्रत्येक सभासदाच्या फोनवर सूचना जाते.

ज्यांनी फोरम चालवलाय त्यांना माहीत असेल, खरं काम असतं परवानग्यांचं. मी गट केले – पाहुणे, सभासद, जोळ, संपादक. प्रत्येक गटाला वाचायचं, लिहायचं, फोटो टाकायचे, खोडायचं, अशा एकेका कामासाठी तीन पर्याय असतात – हो, नाही आणि कधीच नाही. यातला फरक महत्त्वाचा आहे. ‘नाही’ म्हणजे या गटाने परवानगी दिलेली नाही; पण माणूस दुसऱ्या गटातही असेल आणि तो गट ‘हो’ म्हणत असेल, तर त्याला लिहिता येतं. ‘कधीच नाही’ म्हणजे बाकी सगळ्या गटांनी हो म्हटलं तरी नाही. तिथे विषय संपला.

‘कधीच नाही’ मी एकाच माणसासाठी वापरलं होतं. धर्माकाका.

धर्माकाका आमच्या शेजारचे. वय झालंय, एकटे राहतात, दिवसातून दोनदा बांधावर फेरी. खेकड्याचं बीळ दिसलं की तातडीत पोस्ट, पाण्याचा रंग बदलला की पोस्ट. लोक शिफ्ट टाकून धावत जायचे आणि बांध ठणठणीत. माझा भाऊ सुरेश एकदा अर्ध्या शिफ्टमधून निघून गेला आणि नंतर साहेबाची बोलणी खाल्ली. मग लोक सूचना बंद करून ठेवायला लागले. खऱ्या वेळी कोणी येणार नाही हे दिसत होतं, म्हणून काकांना मी वेगळ्या गटात टाकलं. वाचा, बियाण्याच्या विभागात गप्पा मारा, पण तातडीत लिहिणं – कधीच नाही. हा निर्णय मला तेव्हाही बरोबर वाटला होता.

श्रावण संपता संपता, उधाणाच्या दिवसांतला एक रविवार. सकाळच्या गाडीने काका रोह्याला उतरले आणि पूल ओलांडून अष्टमी गावात माझ्या दारात हजर. भांडायलाच आले होते. फोन बंद पडला होता, तो मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर चार्जिंगला लावून दिला आणि चहा ठेवला. आज उधाण असून बांध सोडून इकडे कसे, असं विचारलं, तर म्हणाले की माझं तोंड तूच बांधलंस, आता मी तिथे उभा राहून काय करू.

“आमच्याच गावची पोर, आन आमालाच गप बस म्हणतेस व्हय गो?”

मी त्यांना शांतपणे समजावलं. सुरेशच्या शिफ्टचं सांगितलं.

“शिफ्ट बुडली तं बुडली. शेत तं नाय ना बुडला?”

मी चहा गाळत होते तेवढ्यात सुरेशचा फोन आला. तो गावातच, घरी होता.

“ताई, धर्माकाकाला परत लिहायला दिलंस का?”

मी नाही म्हटलं.

“मग तातडीत त्याची पोस्ट कशी पडली?”

मी लॅपटॉप उघडला. सगळ्यात वर काकांचं नाव, काकांचा फोटो, आत्ताची वेळ. “उघाडीच्या उत्तरेला बांधातून पाणी येतंय. या.” एवढंच. काका कधी इतकं थोडक्यात लिहीत नाहीत.

काका समोर खुर्चीत बसलेले. त्यांचा फोन ओट्यावर, अजून बंदच. मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

“ही मी नाय टाकली,” ते म्हणाले. “आन खोटी हाय. सकाळी गाडीला येताना मी तिथनंच आलो. बांध टणक हाय.”

बांधाबद्दल चिंता नाही असं काकांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

सुरेश फोनवर होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. काकांचं नाव बघून कोणी घरातून हललेलं नाही, सगळे त्याला फोन करून विचारतायत, कारण अ‍ॅडमिन त्याची बहीण. भरती दुपारी साडेबाराच्या सुमाराची. खरं असेल तर वेळ थोडाच होता. खोटं असेल आणि त्याने सगळ्यांना बाहेर काढलं, तर पुढच्या वेळी त्याच्याही शब्दाला कोणी विचारणार नाही. “खरी धरू का खोटी, एक काय ते सांग,” तो म्हणाला. त्याचं स्वतःचं शेत उघाडीला लागूनच आहे.

माझा हिशोब झाला होता. परवानगी नसलेल्या खात्यावरून आलेली पोस्ट, आणि ती ज्याच्या नावावर आहे तो माणूस समोर बसून खोटी म्हणतोय. याहून जास्त खात्री काय हवी? मी पोस्ट खोडायला बटणावर गेले.

“काय करतेस?” काकांनी विचारलं.

“खोडतेय. तुम्हीच म्हणताय ना खोटी आहे?”

“खोटीच हाय. पण हाक हाय ती. हाक आली का आधी जायाचा. कोनी मारली ते मागून बघायचा.”

हे ते ओरडून म्हणाले नाहीत. लहान मुलाला पायात चप्पल घाल म्हणून सांगावं तसं म्हणाले. मी सुरेशला म्हटलं, निघ. आणि त्या पोस्टखाली माझ्या नावाने लिहिलं की हाक खरी धरून सगळ्यांनी निघावं, जबाबदारी माझी.

पुढचा वेळ कसा गेला ते विचारू नका. काकांचा चहा तसाच राहिला. मी ओटा दोनदा पुसला. काका एकदाच बोलले, ते पण मला धीर द्यायला – खोटीच निघेल गो, घाबरू नको.

सुरेशचा फोन आला तेव्हा त्याला धाप लागली होती. उघाडीच्या उत्तरेला, बांधाच्या पोटात, मनगटाएवढी धार शेताकडे सुटली होती आणि माती खात मोठी होत होती. चिखलाच्या गोण्या, दगड, पेंढा, जे हाताला लागलं ते लोकांनी आत कोंबलं. भरती येऊन गेली. बांध थोडा खचला, पण उभा राहिला. अजून थोडा उशीर झाला असता तर खांड गेली असती, असं त्याचं म्हणणं, आणि तो वाढवून बोलणारा माणूस नाही.

आता तुम्हाला सुचणाऱ्या शंका. मला त्या आधीच सुचल्या आहेत.

सेटिंग चुकलं असेल? एखाद्या सभासदाला नेमकी काय परवानगी आहे ते तपासायची सोय फोरममध्ये असते. ती चालवली. काकांच्या नावापुढे ‘कधीच नाही’, लाल अक्षरात. नंतर काकांनाच त्यांच्या फोनवरून तातडीत लिहायला लावलं – नकार. अ‍ॅडमिनच्या नोंदीत त्या आठवड्यात परवानगी बदललेली नाही.

पासवर्ड कोणी चोरला? चोरला तरी त्या खात्यावरून तातडीत लिहिताच येत नव्हतं. आणि बाकी प्रत्येक पोस्टमागे ती इंटरनेटच्या कुठल्या जोडणीवरून आली त्याचा पत्ता नोंदलेला असतो. या एका पोस्टमागची जागा कोरी आहे.

माझ्या स्क्रीनची गडबड? आमच्या गावचे सलीमभाई कुवेतला असतात; त्यांनीही ती तेव्हाच पाहिली होती आणि गावात स्वतःच्या भावाला फोन केला होता.

बांधावर कोणी होतं का? सुरेश सगळ्यांच्या आधी पोचला. त्याला बांधावर कोणी दिसलं नाही.

हा फोरम ज्या सॉफ्टवेअरवर चालतो, त्याच्या मदत विभागातही विचारलं. अशक्य आहे, असं उत्तर आलं. अशक्य आहे हे मलाही माहीत होतं. एकाने विचारलं, तुम्हीच तर टाकली नाहीत ना? माझ्या एका हातात गाळणी होती आणि दुसऱ्यात पातेलं.

फोरम आजही व्यवस्थित चालू आहे. एक बदल केला – तातडीत आता प्रत्येक सभासदाला लिहिता येतं, काकांनाही. खोट्या हाका येतात अधूनमधून. लोक कुरकुरतात आणि जातात.

राहिला प्रश्न काकांचा. गावाने शाल-नारळ देऊन त्यांचा सत्कार केला. त्यांनी दोन्ही परत केलं आणि मला फोन केला. म्हणाले, “ती माझ्या नावावरनं काढ. मी तं खोटी म्हनत होतो. दुसऱ्याची हाक आपल्या नावावर ठेवायची नसते.”

मागणी रास्त होती, आणि पोस्टचा लेखक बदलायची सोय आहे. मी ती उघडली. एकच चौकट येते – नव्या लेखकाचं नाव लिहा. रिकामी सोडली तर पुढे जात नाही. सभासद नसलेलं नाव लिहिलं तरी घेत नाही. मी एकेका सभासदाला विचारलं. कोणीच आपलं म्हणत नाही.

उधाणाचे दिवस आले की काकांचा फोन ठरलेला. “काढलंस का गो?” मी म्हणते, काढते काका, पण कोणाच्या नावावर टाकू ते सांगा.

मग काका ‘बांधावर जाऊन येतो’ म्हणून फोन ठेवतात.