मत दिल्याशिवाय चहा नाही

रविवार, ९ फेब्रुवारी. सकाळी थोडा गारवा, दुपारी ऊन चटकणारं, संध्याकाळी वारा पडलेला.

लोक पिक्चर विसरतात, पण पिक्चरबद्दल कोण काय बोललं ते विसरत नाहीत. माझ्याकडे तर अशा बोलण्याची दोन जाड रजिस्टरं भरली आहेत!

सिंदी मेघेला आमच्या विहाराच्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी मेश्राम सर पिक्चर दाखवतात. सर शाळेतून रिटायर झालेले. प्रोजेक्टर त्यांचा, पडदा म्हणजे हॉलची पांढरी भिंत, आणि नियमही त्यांचाच. पिक्चर संपला की प्रत्येकानं एका वाक्यात मत द्यायचं, मी ते नावापुढे लिहायचं, मगच चहा.

या नियमाची धास्ती एकट्या शेवंताबाईंना. त्यांचे यजमान तानबाजी एसटीत ड्रायव्हर होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना लकवा झाला. हातपाय हळूहळू परत आले, वाचा आली नाही. डॉक्टर म्हणाले, घरात कोंडू नका, चार माणसांत बसवा, बोलायला काही कारण द्या. म्हणून शेवंताबाई त्यांना बोरगाव मेघेहून ऑटोनं आणू लागल्या.

पहिल्या रविवारी मी नाव घेतलं. तानबाजींचे ओठ हलले, आवाज आला नाही. शेवंताबाईंना ते बघवेना. "लिहा भाऊ, यायले आवडला." मी लिहिलं. त्यानंतरही दर रविवारी तेच. नाव घेतलं की तानबाजींचे ओठ हलायचे, आणि शेवटी "लिहा भाऊ, यायले आवडला."

बाकीच्यांना मात्र बोलायला कारण लागत नाही!

बबनरावांचं किराणा दुकान आहे, आणि त्यांना कानानं कमी ऐकू येतं. पिक्चरभर ते शेजारच्याला कोपर मारून "काय म्हणे? काय म्हणे?" विचारतात. एकदा सरांनी मूकपटांच्या काळातला पिक्चर लावला. बाकी सगळे जांभया देत होते. बबनराव मांडी ठोकून हसत होते. मत द्यायला उभे राहिले ते रागातच.

"सर, इतकं चांगलं चाललं होतं! मंग बोलणं काऊन सुरू केलं यायनं?"

*

कुंदाताई अंगणवाडी सेविका. एका रविवारी जुना कृष्णधवल कौटुंबिक पिक्चर होता. नायिका पहिल्या रिळापासून चक्कर येऊन पडते, सासरचे कोणी लक्ष देत नाहीत, नवरा परगावी. अर्धा हॉल डोळे पुसत होता. सरांचाही चष्मा दोनदा उतरला. कुंदाताईंचे डोळे कोरडे!

मी विचारलं, "ताई, मत?"

"तिले लोहाच्या गोळ्या देल्या असत्या, तं पिक्चर अर्ध्या घंट्यात संपला असता."

*

भुताच्या पिक्चरच्या दिवशी कुंदाताईच पहिल्या रांगेत होत्या. भूत आधी दार वाजवायचं, मग दिवे घालवायचं, मग हळूच आत यायचं. मागच्या रांगेतल्या दोघी उठून बाहेर गेल्या.

कुंदाताईंचं मत: "भूत शिस्तीचं आहे. आमच्या घरचे पाहुणे तं सरळ स्वयंपाकघरात येते!"

*

मी आठवीत शाळा सोडली, त्यानंतर माझ्या दुकानाची बिलं सोडून काही लिहिलं नव्हतं. पेन परत हातात आला तो या लोकांच्या बोलण्यामुळे. त्यांचे आभार कसे मानावेत हे मला अजून सुचलेलं नाही. निदान शब्द बदलून लिहीत नाही.

*

एकदा सरांनी नवा रहस्यपट आणला. पेनड्राइव्हमध्ये दोन भाग होते, आणि सरांकडून दुसरा आधी लागला. मध्यंतरालाच खुनी सापडला, पिक्चर संपल्याची पाटीही आली! चिवडा खाऊन पुन्हा बसलो, तर मेलेला शेटजी हसत हसत सकाळचा फेरफटका मारतोय.

न समजल्याचं कबूल कोण करणार? "मेलेला माणूस फिरताना पाहून अंगावर काटा आला," कुंदाताई. "मांडणी नवीन आहे," असं मी स्वतः लिहिलं.

पुढच्या रविवारी सरांनी चूक कबूल केली. "बरोबर क्रमानं परत लावू का?"

बबनराव घाईनं उठले. "नको सर! सरळ लावाल तं सगळं समजून जाईल!"

*

आजचा पिक्चर शेवंताबाईंनी मागून घेतलेला. तीसेक वर्षांपूर्वीचा, प्रेमाचा, भरपूर गाण्यांचा. लग्नानंतर दोघांनी वर्ध्याच्या टॉकीजमध्ये पाहिलेला पहिला पिक्चर. गाणं लागलं की त्या पडद्याकडे कमी, नवऱ्याकडे जास्त पाहत होत्या. ओळखीचं काही ऐकून तरी शब्द फुटेल, असं त्यांना वाटत असावं.

पिक्चर संपला. मी तानबाजींचं नाव घेतलं आणि पेन धरून थांबलो. ओठ हलले. शेवंताबाईंनी वाट पाहिली, या वेळी जरा जास्तच पाहिली. मग मान खाली घातली.

"लिहा भाऊ. यायले लय आवडला."

तानबाजींनी हात पुढे करून रजिस्टरवर ठेवला.

"नाई."

कुंदाताई चहाची किटली घेऊन होत्या तिथंच थांबल्या.

"काय म्हणता जी?" शेवंताबाई त्यांच्याकडे वळल्या.

"नाई... आवडला."

सर जवळ येऊन बसले. "हा पिक्चर नाही आवडला, तानबाजी?"

तानबाजींनी बोटानं एक पान मागं उलटलं, मग अजून एक, मग अजून एक.

"एक... बी... नाई."

शेवंताबाई रडत होत्या की हसत होत्या, कोणाला सांगता आलं नसतं. "बाप्पा! मंग अकरा रविवार गुपचूप बसून काऊन राह्यले वो तुमी?"

मी मागची अकरा पानं काढली, अकरा ठिकाणी 'आवडला' खोडून 'नाही आवडला' लिहिलं, आणि प्रत्येक ठिकाणी तानबाजींची सही घेतली. आजची धरून बारा सह्या. चहा सव्वासातला झाला.