अक्कांच्या रिकाम्या चौकटी

अक्का तक्त्यातल्या रिकाम्या चौकटीत कुणाला शून्य लिहू द्यायच्या नाहीत. मी एकदा लिहिलं, तर त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली, खोडरबर दिलं आणि शेवटचं शून्य पुसलं जाईपर्यंत माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. "मोजला नाही म्हणजे पाऊस पडलाच नाही, असं होतं का गं?" एवढंच म्हणाल्या. मी संगणकाची पदवी घेऊन नुकतीच पुण्याहून बंगळूरला नोकरीला आले होते. रिकाम्या जागी शून्य भरायचं नसतं, हे मला तोवर कुणी शिकवलं नव्हतं.

चामराजपेटेत एका कागदाच्या दुकानावर दोन खोल्यांत अंधांसाठी कॅसेटींचं वाचनालय होतं. कन्नड पुस्तकं वाचून कॅसेटी भरायच्या, कापडी पिशवीत घालून सभासदांना टपालाने पाठवायच्या, परत आल्या की पुढच्या पाठवायच्या. ज्यांच्याकडे टेपरेकॉर्डर नसे त्यांना वाचनालय तोही वापरायला देई. मी शनिवारी तिथे मदतीला जायचे. पहिल्याच दिवशी अंधाऱ्या जिन्यात वरून मराठी ऐकू आली, "अय्यो, स्वल्प सावकाश चढ, ती तिसरी पायरी हलते." त्या अक्का. त्यांचं घराणं तीनशे वर्षं इथलं. मराठी फक्त घरात बोललेली, आणि तिच्यात कन्नड अशी मुरलेली की कुठला शब्द कुठला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

निवृत्तीआधी तीस वर्षं त्यांनी पावसाच्या नोंदींच्या कचेरीत काढली होती. ज्या गावात पर्जन्यमापक नाही, किंवा आहे पण मोडलाय, तिथे किती पाऊस पडला असेल हे आजूबाजूच्या गावांवरून काढायचं, हे त्यांचं काम. "शेजार नकाशावरनं ठरत नाही," असं त्या म्हणत. घाटाच्या अलीकडचं आणि पलीकडचं गाव नकाशावर बोटभर अंतरावर असतं, पण दोघांचा पाऊस वेगळा. उलट लांबलांबची दोन गावं वर्षानुवर्षं एकासारखी एक भिजतात. खरे शेजारी ते. अशा कितीतरी गावांच्या जोड्या अक्कांना तोंडपाठ होत्या.

वाचनालयाची अडचण एकच होती. कुणाला पुढे काय पाठवायचं? प्रत्येक पिशवीत एक कार्ड असे. पुस्तक कसं वाटलं, त्याला पाचपैकी गुण द्यायचे. पण कार्ड भरायला घरात डोळस आणि लिहितं माणूस हवं. त्यामुळे आमचा तक्ता, म्हणजे डावीकडे सभासद आणि वर पुस्तकं, जवळजवळ कोराच होता. मी उत्साहाने कंपनीच्या संगणकावर एक प्रोग्रॅम लिहिला. ज्यांच्या आवडी जुळतात असे सभासद तो शोधून काढी आणि एकाला आवडलेलं पुस्तक दुसऱ्याला सुचवी. छापील यादी घेऊन मी मोठ्या ऐटीत अक्कांकडे गेले. त्यांनी चष्मा लावून ती ओळ न् ओळ वाचली. जवळजवळ सगळ्यांच्या नावापुढे त्याच दहा-बारा पुराणकथा होत्या.

"म्हणजे ज्यांनी उत्तर दिलं, त्यांच्या आवडीचं सगळ्यांना," अक्का म्हणाल्या. मग एका ओळीवर बोट ठेवलं. "आणि ही दोघं अगदी सारखी, असं का म्हणतंय हे?"

"दोघांनी एका पुस्तकाला पाच गुण दिलेत."

"एकाच पुस्तकाला?"

"हो."

"एका दिवशी दोन गावांत सारखा पाऊस पडला, म्हणून ती शेजारी झाली का गं? दहा वर्षं बघावं लागतं." मग कागद ओढून त्यांनी मला समजावलं. दोघांत समान पुस्तकं थोडी असतील तर त्या जुळण्यावर थोडाच भरवसा ठेवायचा आणि उरलेलं सगळ्यांच्या सरासरीवर सोडायचं. समान पुस्तकं जितकी जास्त, तितका भरवसा वाढवायचा. किती वाढवायचा, त्याचं सूत्रही त्यांनी पेन्सिलीने मांडून दिलं. संगणकाला त्यांनी कधी हात लावला नव्हता. आठवडाभरात मी ते प्रोग्रॅममध्ये घातलं आणि याद्या एकदम माणसांसारख्या वेगवेगळ्या झाल्या.

पण ज्यांनी एकही कार्ड पाठवलं नव्हतं, त्यांचं काय? त्यांच्या ओळी कोऱ्याच होत्या. त्यातच वाचनालयाच्या समितीने ठरवलं की वर्षभर ज्यांचं कार्ड नाही, त्यांच्याकडून टेपरेकॉर्डर परत घ्यायचे. यंत्रं मोजकी होती आणि मागणारे खूप. त्या यादीत पहिलं नाव बोम्मसंद्र्याच्या एका टर्नरचं होतं. लेथवर काम करताना त्याचे दोन्ही डोळे गेले होते. वर्षभर पिशव्या जात होत्या, परत येत होत्या, कार्ड मात्र एकही नाही.

चिटणीस सज्जन गृहस्थ होते. म्हणाले, "अक्का, त्याला नकोच असेल तर?"

"नको म्हणाला का तो?"

"काहीच म्हणाला नाही."

"मग मला पंधरा दिवस द्या."

पुढच्या शनिवारी टपालाच्या पिशव्या आल्या. परत आलेली प्रत्येक कॅसेट आधी गुंडाळून मूळपदावर आणायची, हे आमचं पहिलं काम. मी एकीच्या भोकात पेन्सिल घातली आणि फिरवणार, तोच अक्कांनी माझं मनगट धरलं. "थांब. नोडु, नोडु," त्या म्हणाल्या. म्हणजे बघ, बघ. त्यांनी कॅसेट खिडकीच्या उजेडात धरली. उलटवताना गोंधळ नको म्हणून आमच्या कॅसेटी एकाच बाजूने भरलेल्या असत. त्यामुळे पूर्ण ऐकली तर सगळी फीत डावीकडून उजव्या चाकावर जायची. हिची अर्धी फीत इकडे होती आणि अर्धी तिकडे.

"हा माणूस इथं थांबला," अक्का म्हणाल्या.

मी त्या फितीकडे बघत राहिले. अशा शेकडो कॅसेटी माझ्या हातांखालून गेल्या होत्या. मला वाटलं, अक्का आता आनंदाने हसतील. त्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. "इतकी वर्षं माणसं उत्तरं पाठवत होती गं. आणि आपण ती पुसत होतो."

त्या दिवसापासून गुंडाळणं बंद झालं. अक्का खिडकीशी बसून पट्टीने दोन्ही चाकांवरची फीत मोजायच्या आणि आकडे सांगायच्या, मी लिहून घ्यायचे. काही सभासद शिस्तीने कॅसेट गुंडाळून पाठवत. त्यांनी ऐकलं की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. त्यांच्या चौकटी अक्कांनी रिकाम्याच ठेवल्या.

टर्नरची पिशवीही त्याच ढिगात होती. एक पुराणकथा पाचेक मिनिटांत थांबलेली. दुसरी कॅसेट एका नदीवर पूल कसा बांधला, त्या पुस्तकाची. तिची फीत पूर्ण उजवीकडे होती. शेवटपर्यंत ऐकलेली. अक्कांनी ती हळूहळू फिरवत तपासली. मधे एके ठिकाणी फीत तुटली होती आणि कुणीतरी ती जोडली होती. तिरपा काप, वर चिकटपट्टीचा बारीक तुकडा, कडांबाहेर केसभरही न गेलेला. अक्कांनी त्यावरून बोट फिरवलं, मग माझं बोट धरून फिरवलं. सांधा लागतच नव्हता.

"डोळे असणाऱ्यालाही हे जमत नाही," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

त्या ढिगात आणि जुन्या कार्डांत मिळून पुलाचं पुस्तक शेवटपर्यंत ऐकणारे आणखी चौघं निघाले. त्यांनी अजून काय काय पूर्ण ऐकलं होतं, ते नव्या आकड्यांनी भरलेल्या तक्त्यात दिसत होतं. प्रोग्रॅमने एका इंजिन ड्रायव्हरच्या आठवणी सुचवल्या. त्याच दिवशी त्या रवाना झाल्या. पंधरा दिवस उलटले, तरी पिशवी परत आली नाही. अक्कांनी समितीकडे आणखी मुदत मागितली नाही. मला घेऊन त्या बसने बोम्मसंद्र्याला गेल्या.

एका खोलीचं घर होतं. त्याच्या आईने दार उघडलं. तो भिंतीला टेकून बसला होता, टेपरेकॉर्डर मांडीवर. वाचनालयाचं नाव ऐकताच गडबडीने उठला आणि कन्नडमध्ये म्हणाला, "उशीर झाला, माहीत आहे. पण मी तिसऱ्यांदा ऐकतोय."

"कार्ड का नाही पाठवलंत?" अक्कांनी विचारलं.

"कसलं कार्ड? पिशवीत एक जाड कागद असायचा. आईला वाचता येत नाही. मला वाटलं, पावती असेल."

अक्का त्याच्याजवळ गेल्या. मग विचारलं, "पुलाची कॅसेट कुणी जोडली?"

तो घाबरला. "माझ्याच हातून तुटली. चुकलं का काही?"

अक्कांनी त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. "सरी आहे," त्या मराठीतच म्हणाल्या आणि पुन्हा म्हणाल्या, "अगदी सरी आहे." त्याला मराठी येत नव्हती, पण 'सरी', म्हणजे बरोबर, हा शब्द त्याच्याच कन्नडातला होता. तो हसला.

परतीच्या बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघत होत्या. तशाच म्हणाल्या, "त्या यादीत अजून एकतीस नावं आहेत." पुढचे तीन महिने आमचे शनिवार त्यातच गेले. एकाही घरातून टेपरेकॉर्डर परत आणावा लागला नाही. समितीने ती यादीच रद्द केली.

दोन वर्षांनी मला अमेरिकेत नोकरी मिळाली. लोकांना काय आवडेल ते ओळखायचं, असंच काम होतं. निरोप घ्यायला गेले तेव्हा अक्का खिडकीशी बसून मोजत होत्या. पट्टी बाजूला ठेवून त्यांनी सगळं विचारून घेतलं. "तिथं माणसं किती असतील?"

"लाखांनी असतील, अक्का."

त्यांनी मान खाली घातली. ओठ हलत होते, बोटांची पेरं मोजणं चालू होतं. मला वाटलं, आकडा ऐकून त्या थक्क झाल्या असतील. मग त्यांनी मान वर करून अगदी सरळपणे विचारलं, "मग एकेकाकडे बघून व्हायला तुम्हाला किती वर्षं लागतील गं?"

त्या थट्टा करत नव्हत्या. त्यांनी खरोखरच हिशेब मांडला होता. मी काहीतरी बोलून त्यांच्या पाया पडले आणि जिना उतरले. अक्का जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्या लाखांतल्या एकाकडेही मी अजून बघितलेलं नाही.