मंगळाचं ट्रेसिंग

माझ्या पत्रिकेत मंगळ सातव्या घरात ठाण मांडून बसला होता, आणि मला लग्न करायचं होतं ते ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या ड्राफ्ट्समनशी. त्याचं घराणं मूळचं बेळगावकडचं. त्याच्या आईला सगळे अक्का म्हणत. त्यांनी एका वाक्यात निकाल लावला होता, "मंगळाची मुलगी माझ्या लेकाच्या जिवावर उठेल." कपाळ माझं! मला साधं झुरळ मारता येत नव्हतं.

ते पासष्ट साल. बंगळूरला विमानांच्या कारखान्यात मी ट्रेसर होते, म्हणजे ड्राफ्ट्समनची ड्रॉइंगं शाईनं कापडावर गिरवणारी. जुलैत बातमी आली, अमेरिकेचं एक यान, आत माणूस नाही काही नाही, मंगळाच्या जवळून फोटो काढत गेलं. अगंबाई, काय धमाल उडाली! आमच्या जयनगरच्या गल्लीत दुसरा विषयच नव्हता. दूधवाला माप ओतता ओतता विचारायचा, "अम्मा, माणसं सापडली का तिथं?" समोरचे रिटायर्ड मास्तर छातीठोक सांगत होते की मंगळावर कालवे आहेत, म्हणजे शेती आलीच, म्हणजे नाचणी पिकत असणार. शेजारच्या मामी मंगळाला डिवचलं म्हणून धास्तावून रोज मारुतीला जाऊ लागल्या. आणि मी? माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते. माझ्या वैऱ्याचा फोटो येणार होता हो!

आला, तो राखेवर पाणी शिंपडल्यासारखा. कालवे नाहीत, नाचणी नाही, नुसते खड्डे. मास्तर दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मी मात्र पेपर घेऊन घरभर नाचले. मेलेला दगड तो, कुणाचं काय वाकडं करणार? हे अक्कांना दाखवायचंच, असं मी ठरवलं. पण पेपरातलं चित्र इतकं पुसट की त्यांना त्यात डाग आणि शाई यापलीकडे काही दिसलं नसतं.

मग काय, जेवणाच्या सुट्टीत बसले. फोटोवर पेन्सिलीनं बारीक चौकोन आखले, ट्रेसिंगच्या कापडावर तेवढेच चौकोन, पण मोठाले, आणि एकेक खड्डा कंपासनं, काळ्याभोर शाईत. चार दिवस हेच. साहेब मागून येऊन थबकले.

"हा कुठला पार्ट?"

"सर, मंगळ."

त्यांनी चष्मा वर केला, नीट पाहिलं आणि म्हणाले, "वर्तुळांना सेंटर लाइन दिली नाहीस." देवाशप्पथ सांगते, दिल्या मी, प्रत्येक खड्ड्याच्या मधून एक उभी, एक आडवी!

रविवारी गुंडाळी काखेत मारून एकटीच अक्कांच्या घरी गेले. तो मला दारात बघून पांढराफटक पडला. मी सरळ आत शिरले, जमिनीवर कापड पसरलं, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि सुटलेच. "अक्का, हा बघा तुमचा मंगळ. पाणी नाही, झाड नाही, चिटपाखरू नाही. ह्याला घाबरता?" आता नाही म्हणाल्या तर संपलंच सगळं, हे मला कळत होतं.

अक्का वाकल्या. डोळे अधू, म्हणून अगदी कापडाला नाक लावून बघू लागल्या. तेव्हा त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा इतका जवळून पाहिला. कपाळापासून हनुवटीपर्यंत देवीचे व्रण. हात मोडो माझे, काय काढून आणलं मी हे!

त्या एकेका खड्ड्यावरून बोट फिरवत राहिल्या. कितीतरी वेळ.

"अय्यो," त्या म्हणाल्या, "ह्याला पण आल्या होत्या."

मी मान खाली घातली.

"मी लग्न होऊन आले, तर सासरी सकाळी माझ्यासमोर कुणी यायचं नाही. म्हणायचे, हिचं तोंड पाहिलं की दिवस वाईट जातो." त्यांनी मुलाकडे पाहिलं. "तू जन्मल्यापासून रोज पहिलं हेच तोंड बघतोस. गेला का रे तुझा एखादा दिवस वाईट?"

तो नाही म्हणाला. नुसतं नाही, रडतच म्हणाला.

"मग ह्या बिचाऱ्यावर तरी कशाला आळ घ्यायचा?" अक्कांनी वाट्या एकेक करून उचलल्या आणि मला म्हणाल्या, "तुळशीचं लग्न लागू दे. मग लगेच तुमचं."