एका दमात दोन सऱ्या

योगासनं मी शिकले ओतूरच्या एका कापडदुकानाच्या माडीवर. शिकवणाऱ्या भाभी जैन व्यापाऱ्याच्या घरातल्या. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण भाभींचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. मी तेव्हा ओतूरच्या शाळेत शिकवत होते, तिथंच खोली घेऊन राहायची आणि शनिवारची सकाळची शाळा सुटली की एसटी धरून येडगावला घरी जायची. नव्वदचं दशक संपत आलं होतं. दिवसभर फळ्यापुढे उभी राहून माझी कंबर धरायची, म्हणून भाभींकडे गेले. प्राण, अपान वगैरे शोधायची मला मुळीच हौस नव्हती.

भाभींचं मात्र सगळं श्वासावर. आसन कितीही देखणं जमलं तरी त्या तिकडे बघायच्या नाहीत. खालच्या दुकानातून आणलेला सुती धाग्याचा तुकडा चिमटीत धरून त्या आमच्या नाकासमोर आणायच्या. धागा हलला तर ठीक. नाही हलला तर म्हणायच्या, "शरीर पोचलं, श्वास वाटेतच राहिला. मागे ये." त्या सांगायच्या की प्राण हवेवर बसून येतो, आणि जिथं आपण कशाला तरी दचकतो तिथं उतरून जातो. पहिले काही महिने मला या थापा वाटल्या. मग एकदा पुढे वाकून पायांचे अंगठे धरले होते, श्वास सावकाश सोडत होते, आणि कमरेत ऊब पसरली. ती मांड्यांतून, पोटऱ्यांतून खाली तळव्यांपर्यंत गेली. मुंग्या नाहीत, कळ नाही, नुसती ऊब. मी इतकी खूश झाले की ते दुसऱ्या कुणाला तरी शिकवल्याशिवाय मला चैन पडेना. मास्तरकीची खोड, दुसरं काय!

तावडीत सापडले दादा. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दोन वर्षांपासून त्यांची छाती भरून यायची, साधा बांध चढताना धाप लागायची. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की टोमॅटोवर औषध मारणं आजपासून बंद, नाहीतर ही छाती फार दिवस साथ देणार नाही. दादांनी डॉक्टरांपुढे मान हलवली आणि मला म्हणाले, "औषध मारायला माणूस लावलाय. तू नको काळजी करू." मी निर्धास्त झाले. आता छाती तेवढी मोकळी करायची राहिली होती, आणि ते काम मी अंगावर घेतलं.

रविवारी सकाळी ओसरीवर घोंगडी पडायची. दादा टोपी खुंटीला अडकवून, सदरा काढून हजर. आई आतून बघून हसायची. "बाप म्हातारा झाला आन् आता शाळंत घातला व्हय गं?" दादांचं अंग माझ्यापेक्षा लवचिक. खाली बसणं, वाकणं, पिळणं, सगळं जन्मभर रानात केलेलं. पण धागा काही हलेना. हात वर गेले की श्वास बंद. पुढे वाकले की श्वास बंद.

"दादा, श्वास सोडा."

"सोडलाय की."

"मग धागा का हलत नाही?"

"तुझा धागाच जड हाय."

महिनाभर मी डोकं आपटलं. वर्गातल्या मठ्ठ पोरावर खेकसावं तशी त्यांच्यावर खेकसले, तेही गुमान ऐकून घ्यायचे. शेवटी मला वाटलं, ज्यांना श्वास धरणं इतकं जमतं त्यांना कुंभकच शिकवावा. कुंभक म्हणजे श्वास भरून घेऊन आत थांबवणं. मला विचारल्याशिवाय हा कुणाला शिकवू नकोस, असं भाभींनी सांगितलं होतं. मी विचारलं नाही. आधी पोट, मग बरगड्या, मग गळ्याखालची हाडं, असं खालून वर भरायला मी दादांना शिकवलं, आणि दादा खुलले. दर रविवारी त्यांचं थांबणं वाढायला लागलं. आठवडाभर ते आपणहून सराव करतात, असं आई सांगायची. मला वाटलं, आमच्या घरात योगी निघाला.

ओतूरला येऊन मी भाभींपुढे फुशारकी मारली. त्यांनी एकच विचारलं, "सोडतात कसा?"

"एकदम. भसकन."

"मग तो कुंभक नव्हे," भाभी म्हणाल्या. "कशाला तरी भिऊन धरलेला श्वास आहे तो. कशाला, ते आधी बघून ये."

मला रागच आला. अंधारात विहिरीत उतरणाऱ्या, जनावराच्या शिंगाला हात घालणाऱ्या माझ्या बापाला ही दुकानातली बाई भित्रा म्हणते! दोन दिवस मी माडीवर गेले नाही.

पुढच्याच आठवड्यात शाळेला मधल्या वारी सुट्टी मिळाली आणि मी न कळवता घरी गेले. दादा कुठं आहेत विचारलं तर आई म्हणाली, "रानात," आणि उगाच भांडी हलवायला लागली. मी तशीच निघाले. बांधावर पोचायच्या आधीच औषधाचा उग्र वास आला. टोमॅटोच्या सरीच्या तोंडाशी दादा उभे होते. पाठीवर पंप, तोंडाला टॉवेल बांधलेला. त्यांनी श्वास घेतला. पोट, बरगड्या, गळ्याखालची हाडं, अगदी मी शिकवला तसा. मग सरीत शिरले. एका हाताने दांडा वर-खाली, दुसऱ्या हातात नळी, आणि चाल एकसारखी. पलीकडच्या टोकाला वळले, शेजारच्या सरीने परत आले, बांधावर पाय ठेवला आणि भसकन श्वास सोडला.

मला बघून दचकतील असं वाटलं होतं. तर टॉवेल खाली ओढून हसले. "बघितलंस का? आधी एका दमात एक सरी व्हायची. आता दोन व्हत्यात. तुझ्या योगाची करामत हाय बग!"

जन्मभर हेच केलं होतं त्यांनी. औषधाचा वास आला की श्वास धरायचा, वास मागे पडला की सोडायचा. ओसरीवर हात वर नेले तरी त्यांच्या शरीराला वाटायचं, आलं औषध. आणि मी मूर्ख, त्यांना आणखी खोल जाऊन जास्त वेळ थांबायचं शिकवून बसले होते.

"माणूस लावला होता ना?" मी ओरडले.

दादांचं हसू गेलं. "दुसऱ्याच्या पोराच्या छातीत इख घालू का? माझी छाती तर गेलेलीच हाय."

मला राग आला, आणि राग आला की मी काहीतरी करून बसते. "द्या तो पंप," म्हटलं. त्यांना वाटलं, उतरवायला हात देतेय. मी पट्टे त्यांच्या खांद्यावरून काढून माझ्या खांद्यांवर चढवले, पदराने नाक-तोंड घट्ट बांधलं, श्वास भरला आणि सरीत शिरले.

दांडा हलवत पहिली काही पावलं नुसत्या रागावर गेली. मग फवारा उलटून डोळ्यांत आला. अर्ध्या वाटेत छाती आतून धडका मारायला लागली, आणि भाभींनी शिकवलेलं काही म्हणजे काही उपयोगी पडेना. कुठला प्राण आणि कुठली ऊब! बाहेर पडायचं, एवढंच कळत होतं. पाठीमागून दादांचा आवाज येत होता, "पोरी, माघारी फिर! टाक तो पंप!" मग तो आवाजही थांबला. दुसऱ्या टोकाला बाहेर पडले तेव्हा बांधाबांधाने पळत आलेले दादा समोर उभे होते. त्यांनी माझ्या पाठीवरचा पंप उतरवला, मला पाटाच्या पाण्यावर नेऊन माझे हात, तोंड, डोळे धुतले, लहानपणी धुवायचे तसे. पंप तिथंच बांधावर राहिला.

त्या टोमॅटोवर पुन्हा औषध पडलं नाही. करपा रोग आला, अर्धं रान वाळून गेलं, आईने चार दिवस आम्हा दोघांशी अबोला धरला. पुढच्या वर्षी तिथं ऊस उभा राहिला. पण हे सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी दादा ओसरीवर बसले होते. मी जाऊन शेजारी बसले आणि म्हटलं, "चुकलं माझं. मी तसं करायला नको होतं." खरं तर मला रडू येत होतं. चूक नेमकी कुठली, शिकवलं ती की सरीत शिरले ती, हेही मला धड सांगता आलं नसतं.



"तुला हाका मारून थांबलो, तवापासनं तू भाईर येस्तवर मी श्वास घेतला न्हाई," दादा म्हणाले. "तीस वर्सं त्या रानात औषध मारतोय मी. ती सरी एवढी लांब हाय, ते मला आज कळलं."