डाव्या स्पीकरची वायर

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी मी आणि बाबा मुलुंडच्या दुकानात गेलो. खिशात दोन हजार होते. घरचा डावा स्पीकर वाजत नाही, असं बाबा महिनाभर म्हणत होते. मी जाड तांब्याची वायर साठ रुपये मीटरने बारा मीटर घेतली आणि घरी येऊन दोन्ही स्पीकरना जोडली.

"डावा अजून गप्पच. फसवलंन रे तुला," बाबा म्हणाले.

मला दोन्हीकडून नीट ऐकू येत होतं. तरी मी स्पीकरांची अदलाबदल केली. बाबांनी पुन्हा डावीकडेच बोट दाखवलं.

मग मी बाबांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं. डाव्या कानाची नस गेली आहे, यंत्राचाही उपयोग नाही, असं ते म्हणाले. ते बाबांच्या डावीकडे बसले होते.

"काय म्हणतायत रे?" बाबांनी मला विचारलं.

वायरचे सातशे वीस दुकानदाराला आधीच गेले होते. डॉक्टरांना आठशे दिले.